निकाल न्यायालयाचा, परवाना टाउन क्लर्कचा, आणि मध्ये गव्हर्नर: मॅसॅच्युसेट्समधले १८० दिवस

१८ नोव्हेंबर २००३ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: समलिंगी जोडप्यांना विवाहाचा परवाना नाकारणे राज्यघटनेत बसत नाही. त्या दिवशी अमेरिकेच्या एकाही राज्यात असे विवाह होत नव्हते. राज्याचे गव्हर्नर मिट रॉम्नी यांना हा निकाल मुळीच मान्य नव्हता आणि त्यांनी ते लपवलेही नाही. तरीही १७ मे २००४ रोजी त्यांच्याच प्रशासनाने छापलेल्या अर्जांवर पहिल्या समलिंगी जोडप्यांनी सह्या केल्या.

हे कसे घडले, गव्हर्नरच्या हातात नेमके काय होते आणि काय नव्हते, हे या प्रकरणात मांडले आहे. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे आणि ते वाचकाला आधीच माहीत असावे. पण इथला प्रश्न त्याहून अरुंद आहे. न पटणारा न्यायालयीन आदेश समोर आला की निवडून आलेला कार्यकारी प्रमुख काय करू शकतो? सगळी कागदपत्रे आणि वाद सार्वजनिक आहेत. म्हणून पदाधिकाऱ्यांची नावे घेतली आहेत. खटला लढवणाऱ्या जोडप्यांची नावे मुद्दाम वगळली आहेत.

पार्श्वभूमी

आपल्या वाचकासाठी एक फरक सुरुवातीलाच सांगायला हवा. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला असतो, आणि कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो. मात्र मुख्यमंत्र्यामागे विधानसभेतले बहुमत असते. गव्हर्नरमागे ते असेलच असे नाही. रॉम्नी रिपब्लिकन होते. चाळीस सिनेटर आणि एकशे साठ प्रतिनिधी, अशा दोनशे जणांच्या विधिमंडळात डेमोक्रॅट इतके होते की गव्हर्नरचा नकाराधिकारही ते दोन तृतीयांश मतांनी फिरवू शकत.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा, कारण पुढचे सारे त्यावरच अडले. आपल्याकडे राज्याचा महाधिवक्ता सरकारच्या सल्ल्याने नेमला जातो आणि न्यायालयात सरकारची बाजू मांडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅटर्नी जनरल स्वतंत्रपणे निवडून येतो. राज्याच्या वतीने कोणता खटला पुढे न्यायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. तो गव्हर्नरचा वकील नसतो. २००३ मध्ये या पदावर टॉमस रायली होते, पक्षाने डेमोक्रॅट. पुढे २००६ मध्ये ते स्वतः गव्हर्नरपदासाठी उमेदवारीच्या शर्यतीत उतरले.

खटला सुरू झाला एप्रिल २००१ मध्ये. राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या सात जोडप्यांनी आपापल्या टाउन क्लर्ककडे विवाहाचा परवाना मागितला आणि त्यांना तो नाकारला गेला. टाउन क्लर्क म्हणजे नगराच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी. अशी ३५१ शहरे आणि नगरे राज्यात आहेत, आणि क्लर्क त्या त्या नगराचा असतो. गव्हर्नर त्याला नेमत नाही. जोडप्यांनी दावा लावला तो राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागावर. विवाह, जन्म, मृत्यू यांची राज्यभरातली नोंद तिथे होते, आणि तो विभाग मात्र गव्हर्नरच्या अखत्यारीत येतो. मे २००२ मध्ये खालच्या न्यायालयाने जोडप्यांविरुद्ध निकाल दिला. मार्च २००३ मध्ये अपिलावर युक्तिवाद झाले. जोडप्यांची बाजू मेरी बोनॉटो यांनी मांडली. रॉम्नी यांनी त्या जानेवारीतच सूत्रे हाती घेतली होती.

बहुमताचा निकाल लिहिला मुख्य न्यायमूर्ती मार्गारेट मार्शल यांनी. जन्माने त्या दक्षिण आफ्रिकेच्या, आणि विद्यार्थिदशेत वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत नेतृत्व केलेल्या. सातपैकी सहा न्यायमूर्ती रिपब्लिकन गव्हर्नरांनीच नेमलेले होते. ‘डेमोक्रॅटांनी भरलेले न्यायालय’ असा आरोप नंतर झाला, तो वस्तुस्थितीला धरून नव्हता.

अडचण

न्यायालयाने विवाहाचा कायदा रद्द केला नाही. विवाह म्हणजे दोन व्यक्तींनी आयुष्याचे जोडीदार म्हणून स्वेच्छेने केलेले, इतरांना वगळणारे बंधन, असा अर्थ त्याने लावला. मग निकालाची अंमलबजावणी १८० दिवस थांबवली. विधिमंडळाला योग्य वाटेल ती कार्यवाही करता यावी, हे त्यामागचे कारण दिले होते.

सगळा गुंता या वाक्यात आहे. विधिमंडळाने काहीच केले नाही तर? १८१ व्या दिवशी क्लर्कने काय करायचे? आरोग्य विभागाने नवे अर्ज छापायचे की नाही? निकालात गव्हर्नरला उद्देशून एक ओळही नव्हती. रॉम्नींवर पुढे त्यांच्याच बाजूच्या काही मंडळींनी हल्ला चढवला तो याच मुद्द्यावर. न्यायालयाने तुम्हाला काही करायला सांगितले नव्हते, कायद्याचे शब्द बदललेले नव्हते, मग तुम्ही अर्ज कोणाच्या अधिकारात बदलले, असा त्यांचा सवाल होता.

डिसेंबरमध्ये सिनेटने एक तोडगा पुढे केला. १९९९ मध्ये शेजारच्या व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचे सगळे लाभ द्या, असा आदेश दिला होता, आणि तिथल्या विधिमंडळाने २००० मध्ये विवाह न म्हणता ‘सिव्हिल युनियन’ नावाची वेगळी व्यवस्था उभी केली होती. तसेच इथे चालेल का, हे सिनेटने न्यायालयालाच विचारले. फेब्रुवारी २००४ च्या सुरुवातीला उत्तर आले, पुन्हा चार विरुद्ध तीन: चालणार नाही. सगळे लाभ देऊन फक्त नाव वेगळे ठेवणे म्हणजे दुय्यम दर्जाच होय, असा त्याचा आशय होता. (आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. सिव्हिल युनियनचा पर्याय सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मांडला, तोही अल्पमतात राहिला. मॅसॅच्युसेट्समध्ये जे अपुरे ठरले, ते इथे बहुमतापर्यंत पोहोचलेही नाही.)

त्या उत्तरानंतर मधला रस्ता बंद झाला. उरले दोनच: आदेश पाळणे किंवा घटना बदलणे.

समोरचे पर्याय

घटनादुरुस्ती हा सरळ आणि पूर्णपणे कायदेशीर मार्ग. पण मॅसॅच्युसेट्सची घटना घाईला वाव देत नाही. विधिमंडळाच्या संयुक्त बैठकीत दुरुस्ती मंजूर व्हायला हवी. मग निवडणूक होऊन आलेल्या पुढच्या विधिमंडळाने ती पुन्हा मंजूर करायला हवी. त्यानंतर लोकांचे मतदान. म्हणजे लवकरात लवकर नोव्हेंबर २००६. या साऱ्यात गव्हर्नरची सहीसुद्धा लागत नाही. तो मन वळवू शकतो, भाषणे करू शकतो, अडून राहिलेली संयुक्त बैठक पुन्हा बोलावू शकतो. मत मात्र त्याला नाही. आणि मे २००४ ते नोव्हेंबर २००६ या अडीच वर्षांत विवाह होतच राहणार होते.

म्हणून रॉम्नींचा खरा जोर होता स्थगितीवर. लोकांचा कौल येईपर्यंत निकाल थांबवा, अशी विनंती न्यायालयाला करायची. ही मागणी हास्यास्पद नव्हती. झालेले हजारो विवाह पुढे घटनादुरुस्तीने अधांतरी लटकले तर त्या माणसांचे काय, हा प्रश्न खराच होता. अडचण इतकीच की विनंती करायला न्यायालयात उभे कोण राहणार? तो अधिकार अ‍ॅटर्नी जनरलचा.

तिसरा पर्याय न्यायमूर्तींनाच हटवण्याचा. १७८० च्या राज्यघटनेत अशी तरतूद आहे: विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मागणी केली तर गव्हर्नर आपल्या परिषदेच्या संमतीने न्यायाधीशाला पदावरून काढू शकतो. विधिमंडळात एका सदस्याने असा प्रस्ताव दाखलही केला. तो पुढे सरकला नाही. दोन्ही सभागृहांची मागणी आल्याशिवाय गव्हर्नरला इथे बोटही उचलता येत नव्हते.

चौथा पर्याय आदेश झुगारण्याचा. या बाजूने झालेला युक्तिवाद जरा सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण तो निव्वळ आक्रस्ताळा नव्हता. त्याच घटनेत जुने कलम आहे की विवाह, घटस्फोट आणि पोटगी यांची प्रकरणे गव्हर्नर आणि त्याची परिषद ऐकून निकाली काढतील, विधिमंडळ कायद्याने दुसरी व्यवस्था करेपर्यंत. या कलमावर बोट ठेवून काहींनी म्हटले, मुळात न्यायालयाला हा विषय हाताळण्याचा अधिकारच नव्हता, तो गव्हर्नरचा! कलमाचा पूर्वार्ध वाचला तर दावा भक्कम वाटतो. उत्तरार्ध वाचला की कोसळतो. विधिमंडळाने ती ‘दुसरी व्यवस्था’ फार पूर्वीच करून ही प्रकरणे न्यायालयांकडे सोपवली होती. शिवाय एखादा कायदा घटनेला धरून आहे की नाही हा प्रश्न, आणि एखाद्या जोडप्याचा घटस्फोट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आदेश झुगारणे म्हणजे काय, याचे उलट्या दिशेचे उदाहरण त्याच हिवाळ्यात डोळ्यांसमोर होते. १२ फेब्रुवारी २००४ पासून सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी, राज्याचा कायदा मनाई करत असतानाही, आपल्या मते तो घटनाबाह्य आहे म्हणून समलिंगी जोडप्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. ११ मार्चला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले आणि ऑगस्टमध्ये सुमारे चार हजार विवाह रद्दबातल ठरवले. कायदा घटनेत बसतो का, हे कार्यकारी अधिकाऱ्याने स्वतः ठरवायचे नाही, हे त्याचे कारण. माझी सहानुभूती त्या जोडप्यांशी आहे, आणि तरीही तो निकाल मला बरोबर वाटतो. महापौराला जी मुभा नाही, ती न आवडलेला निकाल बाजूला सारू पाहणाऱ्या गव्हर्नरलाही असू शकत नाही.

आपल्या वाचकाच्या मनात इथे अध्यादेश येईल. भारतात विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसेल तर अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल अध्यादेश काढतात. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला तसा अधिकार नाही. त्याचा कार्यकारी आदेश त्याच्या विभागांपुरता, आणि तोही कायद्याच्या चौकटीत.

आणखी एक वाट होती, जिची चर्चा फारशी होत नाही. महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर न्यायमूर्तींचे सल्लागार मत मागण्याचा अधिकार घटनेने सिनेटला आणि प्रतिनिधिगृहाला दिला आहे, तसाच गव्हर्नरलाही दिला आहे. सिनेटने तो वापरला. गव्हर्नरने, अ‍ॅटर्नी जनरलला न विचारता, थेट विचारता आले असते: विधिमंडळाने कायदा बदलला नाही तर १७ मे रोजी माझ्या विभागाचे कर्तव्य काय? याकडे मी पुढे परत येतो.

काय केले

२९ मार्च २००४ हा निर्णायक दिवस. अनेक बैठकांनंतर विधिमंडळाच्या संयुक्त बैठकीने १०५ विरुद्ध ९२ मतांनी एक तडजोडीची दुरुस्ती मंजूर केली: विवाह फक्त स्त्री-पुरुषांचा, पण समलिंगी जोडप्यांसाठी सिव्हिल युनियन. पहिली पायरी पार झाली. त्याच संध्याकाळी रॉम्नींनी अ‍ॅटर्नी जनरलना गळ घातली: आता दुरुस्ती वाटेवर आहे, न्यायालयाकडे स्थगिती मागा.

रायली यांनी नकार दिला. त्यांचा स्वतःचा कल समलिंगी विवाहाच्या बाजूचा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. त्यांच्याच कार्यालयाने राज्याच्या वतीने खटला लढवला होता आणि तो हरला होता. न्यायालयाने एकदा निकालात आणि पुन्हा सल्लागार मतात आपले म्हणणे स्पष्ट केले आहे, तेच परत विचारण्याला कायदेशीर आधार नाही, अशी त्यांची भूमिका. राजकीय स्पर्धक म्हणून त्यांनी असे केले, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. मला तो पटत नाही. दोनदा उत्तर मिळालेला प्रश्न तिसऱ्यांदा नेण्याचे वकिलाला बंधन नसते.

रॉम्नींनी मग एप्रिलच्या मध्यावर तातडीचे विधेयक पाठवले: गव्हर्नरला विशेष वकील नेमून थेट न्यायालयात जाण्याची परवानगी द्या. विधिमंडळाने ते उचललेच नाही. ज्या सभागृहांनी अडीच आठवड्यांपूर्वी दुरुस्ती मंजूर केली होती, त्यांनाही गव्हर्नरच्या हाती अ‍ॅटर्नी जनरलला वळसा घालण्याचे साधन द्यायचे नव्हते. विषय विवाहाचा असला तरी संस्थांनी आपापल्या हद्दी राखल्या. संघीय न्यायालयांत इतरांनी केलेले अर्जही फेटाळले गेले, आणि १४ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला.

इथे निर्णयाचा खरा क्षण आला. सगळ्या वाटा संपल्यावर रॉम्नींनी प्रशासनाला आदेश पाळण्याच्या तयारीला लावले. विवाहाच्या अर्जावरचे वधू आणि वर हे रकाने जाऊन तिथे ‘पक्ष अ’ आणि ‘पक्ष ब’ आले. गव्हर्नरच्या कायदा सल्लागारांनी टाउन क्लर्कांची प्रशिक्षणे घेतली. विवाह लावण्याचा अधिकार असलेल्या जस्टिस ऑफ द पीस या अधिकाऱ्यांची नेमणूक गव्हर्नर करतो, त्यामुळे त्यांच्यावर त्याची पकड होती. त्यांना सांगण्यात आले: समलिंगी जोडप्यांचे विवाह लावायचे नसतील तर राजीनामा द्या. न पटणारा आदेश अंमलात आणताना आपल्या हाताखालच्यांनाही सूट न देणे, हे मला या प्रकरणातले रॉम्नींचे सर्वांत जबाबदार पाऊल वाटते. त्याची किंमत त्यांनी पुढे स्वतःच्या पक्षात मोजली.

१६ मेच्या मध्यरात्री केंब्रिजच्या नगर सभागृहाची दारे उघडली. अर्ज आणि परवाना यांच्यात राज्यात तीन दिवसांची प्रतीक्षा असते, पण न्यायालयाकडून सूट घेता येते. ती सूट घेऊन अनेक जोडप्यांचे विवाह १७ मेलाच लागले. योगायोगाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालाला त्याच दिवशी पन्नास वर्षे पूर्ण झाली.

उरलेला अधिकार आणि त्याचा वापर

आदेश मोडता येत नाही, लांबवताही येत नाही, असे झाल्यावर गव्हर्नर निष्प्रभ झाला असे समजणे चुकीचे ठरेल. छोट्या, कारकुनी स्वरूपाच्या गोष्टी त्याच्या हातात राहिल्या. आणि माणसांना जास्त टोचल्या त्या याच.

पहिली गोष्ट १९१३ चा कायदा. परराज्यातल्या जोडप्याचा विवाह त्यांच्या राज्यात अवैध ठरणार असेल तर मॅसॅच्युसेट्सनेही तो लावू नये, असे हा कायदा सांगत होता. तो आला तेव्हा बहुतेक राज्यांत आंतरवर्णीय विवाहांवर बंदी होती, आणि कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनने गोऱ्या स्त्रीशी लग्न केल्यावर देशभर गदारोळ उठला होता. नंतर कित्येक दशके क्लर्क त्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. रॉम्नींनी तो बाहेर काढला. इतर राज्यांच्या गव्हर्नरांना आणि अ‍ॅटर्नी जनरलना पत्रे पाठवून कळवले की तुमच्या रहिवाशांचे असे विवाह आम्ही लावणार नाही. क्लर्कांना बजावले की बाहेरच्या जोडप्यांना परवाना देऊ नका. प्रॉव्हिन्सटाउन, सॉमरव्हिल, वुस्टर आणि स्प्रिंगफील्ड इथे बाहेरच्या जोडप्यांनाही परवाने देण्याची तयारी होती किंवा ते दिले गेले. काही दिवसांतच त्यांना थांबायला सांगणारे पत्र गेले. ते पाठवले होते रायली यांनी. स्थगिती नाकारणाऱ्या अ‍ॅटर्नी जनरलनेच इथे गव्हर्नरची बाजू घेतली, कारण कायदा पुस्तकात होता. ३० मार्च २००६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही या कायद्याचा वापर वैध ठरवला.

कायदेशीर होते, हे मी मान्य करतो. न्याय्य होते असे म्हणवत नाही. झोपलेला कायदा कोणासाठी जागा करायचा, हे निवडण्यात अधिकाराचा खरा चेहरा दिसतो.

दुसरी गोष्ट जन्मदाखल्याची. विवाहित स्त्री-स्त्री जोडप्यांना मुले होऊ लागली तेव्हा दाखल्याच्या छापील नमुन्यावर ‘वडील’ हा रकाना होता. आरोग्य विभागाला तो बदलून ‘वडील किंवा दुसरे पालक’ असा करायचा होता. गव्हर्नरच्या कार्यालयाने नमुना बदलू दिला नाही. त्याऐवजी दर वेळी त्या कार्यालयाच्या कायदा विभागाला विचारायचे आणि होकार आला की रुग्णालयाने ‘वडील’ शब्दावर काट मारून हाताने ‘दुसरे पालक’ लिहायचे, अशी पद्धत ठरली. खाडाखोड केलेला जन्मदाखला हातात घेऊन शाळेच्या किंवा पासपोर्टच्या खिडकीपाशी उभे राहणे म्हणजे काय, हे कागदपत्रांच्या देशात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको. विवाहाच्या अर्जावर ‘पक्ष अ, पक्ष ब’ लिहायला तयार झालेले प्रशासन बाळाच्या दाखल्यापाशी अडून बसले. विवाहाचा अर्ज न्यायालयाच्या थेट नजरेखाली होता. दाखल्याबद्दल निकालात शब्द नव्हता.

निष्पत्ती

२९ मार्चला मंजूर झालेली तडजोड दुसऱ्या फेरीत टिकली नाही. १४ सप्टेंबर २००५ रोजी ती १५७ विरुद्ध ३९ मतांनी पडली. सिव्हिल युनियन नको असलेले कडवे विरोधकही विरोधात गेले, आणि विवाहाचे समर्थकही. दरम्यान हजारो लग्ने झाली होती, आणि आमदारांच्या मतदारसंघांत आता विवाहित जोडपी प्रत्यक्ष राहत होती.

मग विरोधकांनी नागरिकांच्या सह्यांनी आणलेली दुसरी दुरुस्ती पुढे केली. तिला दोनशेपैकी फक्त पन्नास मते, दोन विधिमंडळांत, पुरेशी होती. नोव्हेंबर २००६ मध्ये विधिमंडळाने मतदान न घेताच बैठक तहकूब केली. रॉम्नी इतर नागरिकांसह न्यायालयात गेले. २७ डिसेंबरला न्यायालयाने म्हटले की मतदान घेणे हे आमदारांचे घटनात्मक कर्तव्य आहे, पण ते करायला भाग पाडण्याचे साधन न्यायालयाकडे नाही. ज्या न्यायालयाच्या अतिरेकाबद्दल तीन वर्षे तक्रार केली, त्यालाच हात लांब करायला सांगण्याची वेळ रॉम्नींवर आली, आणि न्यायालयाने आपली मर्यादा ओलांडली नाही. मात्र कर्तव्याची आठवण लागू पडली. २ जानेवारी २००७ रोजी मतदान झाले आणि दुरुस्तीला ६२ मते मिळाली. पन्नासचा उंबरठा पार.

दोनच दिवसांनी गव्हर्नर बदलले. डेव्हल पॅट्रिक यांच्याकडेही तेवढाच अधिकार होता: मत नाही, सही नाही. त्यांनी विधिमंडळाच्या नेत्यांसह एकेका आमदाराशी बोलण्याचे काम केले. १४ जून २००७ रोजी दुरुस्तीला ४५ मते पडली, विरोधात १५१. पाच मतांनी ती पडली आणि लोकमतापर्यंत गेलीच नाही. ३१ जुलै २००८ रोजी पॅट्रिक यांनी १९१३ चा कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली.

वेगळे काय करता आले असते

सल्लागार मताच्या वाटेकडे आता परत येतो. डिसेंबर २००३ किंवा जानेवारीतच गव्हर्नरने न्यायमूर्तींना प्रश्न पाठवला असता तर ‘विधिमंडळ गप्प राहिले तर काय’ याचे उत्तर लेखी मिळाले असते. टाउन क्लर्कांना एप्रिलपर्यंत अंधारात राहावे लागले नसते, आणि ‘गव्हर्नरने स्वतःच्या मर्जीने अर्ज बदलले’ हा आरोपही उभा राहिला नसता. रॉम्नींच्या नजरेत बहुधा धोका हा होता की स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट उत्तर येईल. स्थगितीची आशा धरणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. प्रशासन चालवणाऱ्याला मात्र ते हवेच असते.

न्यायालयाकडूनही एक गोष्ट राहिली. १८० दिवसांची मुदत विधिमंडळाच्या सोयीची होती, पण मुदत संपल्यावर आरोग्य विभागाने नमुने कोणत्या तारखेपर्यंत बदलायचे, हे एका परिच्छेदात सांगता आले असते. प्रतिवादी तोच विभाग होता. तेवढ्याने जन्मदाखल्याची खाडाखोडही कदाचित टळली असती.

विधिमंडळाचा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. या विषयावर तीव्र मते असलेल्या दोनशे जणांनी घटनादुरुस्तीवर तासन् तास वाद घातला, पण विवाहाच्या कायद्यातले शब्द निकालाशी जुळवून घेण्याचे साधे विधेयक १७ मेपूर्वी मंजूर केले नाही. ते झाले असते तर १९१३ च्या कायद्यावरही तेव्हाच चर्चा झाली असती. चार वर्षे थांबावे लागले नसते.

अकरा वर्षांनी हाच पेच केंटकीत उभा राहिला. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाह मान्य केल्यावर एका काउंटी क्लर्कने आपल्या नावाने असे परवाने द्यायला नकार दिला आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल ती पाच दिवस तुरुंगात गेली. तेव्हाचे गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी सांगितले की नमुना कायद्याने ठरलेला आहे, तो कार्यकारी आदेशाने बदलण्याचा अधिकार मला नाही. डिसेंबरमध्ये आलेले मॅट बेव्हिन यांनी मात्र तसा आदेश काढून क्लर्कचे नाव परवान्यावरून हटवले. २०१६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलला आणि सर्व जोडप्यांसाठी एकच नमुना ठरवून दिला.